खोलीत शांतता राखा

१

चार जणांच्या त्या बँडमध्ये त्याला सगळे ‘आलोच’ म्हणत. हे नाव त्याने स्वतःच्या मेहनतीने कमावलं होतं. तालमीला सगळे जमले की ह्याला फोन जायचा, आणि हा घरी अंगाला टॉवेल गुंडाळून ठामपणे सांगायचा, “आलोच!” गाण्यातही तीच तऱ्हा. गिटारची वेळ यायची, निघून जायची, आणि मग वरातीमागून घोडं यावं तसा हा यायचा. आला की मात्र असं गोड वाजवायचा की रागवायचं कुणाला सुचत नसे. म्हणून बावीस वर्षं त्याला कुणी काढलं नव्हतं.

घरी बायकोने ह्या उशिराला नियमात बसवलं होतं. पहिली हाक, “अहो, चहा!” दुसरी, “अहो, निवतोय!” तिसरी नुसती, “अहो!” ह्या तिसऱ्या हाकेला तो घसा खाकरायचा आणि मग “आलोच” म्हणायचा. घसा खाकरल्याशिवाय तो काहीच सुरू करत नसे. गाणं नाही, गप्पा नाहीत, भांडण तर नाहीच. एकोणीस वर्षांच्या संसारात बायको कपात चहा ओतायची ती तिसऱ्या हाकेनंतर. वरकरणी ती कुरकुरायची, पण त्या तीन हाका तिला आवडत असाव्यात. त्याला तर फारच आवडत.

दिवसा तो कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान चालवायचा आणि शुक्रवार-शनिवारी सात ते नऊ एका हॉटेलात बँडबरोबर वाजवायचा. गिटारचा आवाज मोठा करणारं त्याचं जुनं खोकं, म्हणजे अँप्लिफायर, इतकं जड होतं की बँडमध्ये त्याला ‘हत्ती’ म्हणत. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दर आठवड्याला हत्ती खाली न्यायचा आणि वर आणायचा, असं करता करता कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, “हे उचलणं थांबवा, नाहीतर तुम्हाला उचलायला चार माणसं लागतील.” बायको म्हणाली, “आणि त्या जागेवर सोफा येईल.”

शेवटी त्याने डबा घेतला. पाटाएवढा, सपाट, पायाने दाबायची सहा बटणं आणि एक छोटा पडदा. गिटार ह्या डब्याला जोडली की डबा पाहिजे त्या अँप्लिफायरची हुबेहूब नक्कल करतो. हत्तीचीसुद्धा करील, असं दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ठरलं की बँडचं पहिलं रेकॉर्डिंग करायचं. बँड गायिकेचा होता, तिला सगळे ताई म्हणत. ताईने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “गाण्याच्या मधोमध वीस सेकंद नुसती गिटार. ते वीस सेकंद तुमचे. पण वेळेवर आलात तर. नाहीतर तो तुकडा मी कीबोर्डवर घेईन, मग माझ्यावर रुसायचं नाही.”

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. बावीस वर्षांत त्याने जे जे वाजवलं ते हॉटेलातल्या काटे-चमच्यांच्या आवाजात विरून गेलं होतं. आपलं म्हणावं असं वीस सेकंद तरी मागे राहावं, आणि ते ऐकून बायकोने म्हणावं, ‘हे तुम्हीच.’ एवढंच त्याला हवं होतं. ते त्याला फार हवं होतं.

२

नक्कल करण्याची रीत डब्याच्या पुस्तकात दिली होती. हत्ती डब्याला जोडायचा, हत्तीच्या तोंडासमोर माइक लावायचा आणि बटण दाबायचं. मग डबा हत्तीच्या पोटात शिट्ट्या, गुरगुर, खरखर असले आवाज सोडतो आणि बाहेर काय पडतं ते माइकमधून ऐकतो. हत्ती कुठल्या आवाजाचं काय करतो हे तो शिकून घेतो. चार मिनिटांचं काम. अट एकच, जाड अक्षरांत छापलेली: नक्कल चालू असताना खोलीत कुणीही थांबू नये.

तो थांबला. त्याचंही एक तत्त्व होतं. हत्ती म्हातारा होता, दोनदा त्याच्यातून धूर आला होता, आणि तापलेल्या हत्तीला एकटं सोडायचं नाही हा बावीस वर्षांचा नियम होता. झेरॉक्सच्या मशीनवर कागद ठेवून गिऱ्हाइकाला ‘हलवू नका’ सांगणारा माणूस तो; आपण न हलता बसू शकतो ह्याची त्याला खात्री होती. रविवारची दुपार, बायको स्वयंपाकघरात. वेताच्या खुर्चीत बसून त्याने श्वास धरला.

शिट्ट्या झाल्या, गुरगुर झाली, खरखर झाली. मग डबा गप्प झाला. पडद्यावर अजून ‘चालू आहे’ असंच होतं, पण आवाज काही सोडत नव्हता. नुसता ऐकत होता. पुस्तकात ह्या शांततेबद्दल अक्षर नव्हतं. एक मिनिट गेलं. कुणीतरी आपल्याकडे निरखून पाहतंय आणि आपण फोटोसाठी बसलोय, असं त्याला उगाच वाटू लागलं. आणि अशा वेळी जे व्हायचं तेच झालं. तो खाकरला.

पडद्यावरचा काटा टुणकन उडाला आणि लगेच हिरवी खूण आली. नक्कल तयार! तिला त्याने ‘हत्ती’ असं नाव दिलं.

बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची. त्याने तिला बोलावून पाठमोरी उभी केली, तीच ओळ एकदा खऱ्या हत्तीतून वाजवली, एकदा डब्यातून, आणि तिच्याच धंद्यातला प्रश्न तिला विचारला. “पहिलं की दुसरं?”

“दुसरं,” ती ताडकन म्हणाली.

“दुसरं काय? चांगलं?”

“चांगलं-वाईट मला कळत नाही. दुसरं जास्त तुमच्यासारखं आहे.”

दुसरं म्हणजे डबा. त्याने ते हसण्यावारी नेलं. संध्याकाळी मेव्हणा टेम्पो घेऊन आला आणि हत्ती त्याच्या गॅरेजात गेला. सोफा मंगळवारी आला.

३

शुक्रवारी हॉटेलात डबा पहिल्यांदा वाजला आणि सगळे खूश झाले. पडद्यावर मात्र ‘हत्ती’ ऐवजी ‘आलोच’ असं नाव दिसत होतं. ड्रमवाल्याचा चावटपणा असणार, असं धरून तो चालला.

मध्यंतरात साउंडवाला जवळ आला. हा माणूस दिवसभर कानाला हेडफोन लावून असायचा आणि फक्त कामापुरतं बोलायचा.

“दादा, सर्दी झालीय का?”

“नाही. का रे?”

“प्रत्येक गाण्याआधी कुणीतरी खाकरतंय.”

“मीच खाकरतो. सवय आहे.”

“तुम्ही तोंडाने खाकरता. तुमच्यासमोर माइक कुठाय? हे गिटारच्या केबलमधून येतंय.”

त्याला रविवारची दुपार आठवली आणि तो जरा ओशाळला. “अरे, नक्कल करताना मी खोलीत होतो. खाकरलो. ते आत राहून गेलं असेल.”

साउंडवाला चक्क हसला. “डबा म्हणजे टेपरेकॉर्डर नाही, दादा. तो आवाज ठेवून घेत नाही. आवाजाची सवय ठेवून घेतो.” आणि हेडफोन लावून निघून गेला.

दुसऱ्या सत्रात त्याने परीक्षा घ्यायची ठरवली. गाण्याआधी घशाशी आलेली खाकर त्याने गिळली. हात तारांवर होते, पण तारांना स्पर्श नव्हता. स्पीकरमधून कुणीतरी स्वच्छ, माफक, घरंदाज खाकरलं. त्याने जिथे खाकरलं असतं, बरोबर तिथेच. तिसऱ्या टेबलावरच्या गृहस्थाने सूपमधून मान वर केली आणि विचारलं, “हो, बोला?”

केबल खराब असणार. अर्थिंग नीट नसणार. हॉटेलचं वायरिंग तर देवाच्या भरवशावर असतं. अशी सहा कारणं त्याने परतीच्या वाटेवर जमवली, आणि चौथा मजला चढेपर्यंत त्यातली चार गळून पडली.

४

“एक सांगू?” पुढच्या बुधवारी बायको म्हणाली. “हल्ली तुम्ही खाकरत नाही. किती बरं वाटतं कानाला.”

त्याने लगेच खाकरून पाहिलं. म्हणजे प्रयत्न केला. घसा होता, हवा होती, इच्छा तर दांडगी होती, पण बाहेर आला तो नुसता श्वास. ठसका लागतो का म्हणून त्याने कोरडं बिस्कीट खाल्लं. बिस्कीट सुखरूप खाली उतरलं.

घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून आत पाहिलं. “घसा लख्ख आहे. तक्रार काय आहे?”

“खाकरता येत नाही.”

डॉक्टरांनी बॅटरी विझवली आणि म्हणाले, “येत नाही, तर नका खाकरू.”

दुकानात बसून त्याने स्वतःची समजूत घातली. रोज हजार कागदांची नक्कल आपण काढतो. नक्कल काढली म्हणून मूळ कागद कधी कोरा झालाय का? एखादा विद्यार्थी रडत आलाय का, की काका, माझ्या दाखल्यावरचं नाव उडालं? नाही ना? मग झालं तर. समजूत चांगली होती. दिवसभर टिकली.

संध्याकाळी सरावाला बसला तेव्हा लक्षात आलं की डावा पाय ताल धरत नाहीये. वाजवताना डाव्या पायातली रबरी चप्पल जमिनीवर आपटायची ही त्याची विसाव्या वर्षापासूनची खोड. आता पाय गपगार. आणि हेडफोनमध्ये, गिटारच्या मागे, अगदी बारीक, चपलेचा आवाज येत होता. चटप, चटप. त्याने खाली पाहिलं. दोन्ही चपला वेताच्या खुर्चीखाली पडलेल्या होत्या, आणि तो अनवाणी होता.

त्या दिवशी त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पण रेकॉर्डिंग तीन दिवसांवर आलं होतं, हत्ती गॅरेजात होता आणि हत्तीवर मेव्हण्याने रंगाचे डबे रचले होते. भीतीला द्यायला सवड नव्हती.

५

स्टुडिओतली ती खोली कपाटाएवढी होती. भिंतींना फोम, समोर काच, काचेपलीकडे ताई, तोच हॉटेलातला साउंडवाला आणि बाकीचे दोघे. लाल दिवा लागला. हेडफोनमध्ये गाणं सुरू झालं, ताईचा आवाज वर गेला, खाली आला, आणि त्याचे वीस सेकंद समोर येऊन उभे राहिले.

त्याने हात उचलला. नेहमीसारखाच, क्षणभर उशिरा.

गिटार वाजू लागली होती.

हात अजून हवेत होता, आणि हेडफोनमध्ये त्याची गिटार वाजत होती. बरोबर तालावर, केसभर इकडे-तिकडे नाही. तीन आठवडे दुकानाच्या काउंटरवर बोटं वाजवत त्याने जी चाल बांधली होती तीच चाल. वरच्या सुरावर किंचित थांबून घसरत खाली यायचं, ही त्याच्या मनातली जागा त्याला बोटांनी कधी साधली नव्हती. ती जागा आली, आणि अशी आली की त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग काचेपलीकडच्यांना शंका येऊ नये म्हणून तो तारांवर खोटी खोटी बोटं फिरवू लागला. तीही थोडी मागूनच फिरत होती.

दिवा विझला. ताई दार उघडून धावत आली. “आलोच! बावीस वर्षांत पहिल्यांदा वेळेवर! अहो, काय वाजवलंत!” ती रडत होती. ड्रमवाल्याने त्याला उचललं आणि कंबरेचं आठवून हळूच खाली ठेवलं. फक्त साउंडवाला काचेपलीकडून त्याच्या हातांकडे पाहत होता.

तेव्हा बोलायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंही. पण तोवर ताई पुढच्या गाण्याकडे वळली होती, आणि खरं सांगायचं तर त्याला ते कौतुक सोडवेना. फुकटचं होतं तरी आयुष्यात पहिल्यांदाच वाट्याला आलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

घरी येऊन त्याने डबा न जोडता, नुसत्या गिटारवर ती चाल वाजवून पाहिली. पहिला सूर आठवेना. आपणच बांधलेली चाल, आणि बोटं परक्या घरात शिरल्यासारखी तारांवर चाचपडत होती. खाकर गेली, ताल गेला, चाल गेली. कानामागून आलेला डबा त्याच्यातलं सगळं वेचून घेऊन गेला होता. उशीर तेवढा त्याच्याकडे ठेवला होता.

६

पुढच्या शनिवारी गाणं घरी आलं. बायकोने डोळे मिटून ऐकलं. वीस सेकंद झाले आणि तिने त्याचा हात धरला.

“हे तुम्हीच,” ती म्हणाली. “हजारात ओळखेन मी. अशी, डोळे मिटून.”

हेच वाक्य त्याला हवं होतं, शब्दाला शब्द. ते मिळालं, आणि त्याने हळूच आपला हात सोडवून घेतला. तिचा चेहरा इतका आनंदी होता की खरं सांगायचं त्याच्याने होईना. त्याने ठरवलं, उद्याच नक्कल पुसायची. वीस सेकंद गेले खड्ड्यात. उरलेलं तरी परत मिळेल.

रविवारची दुपार. बायको स्वयंपाकघरात होती, चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. त्याने खोलीचं दार लोटून घेतलं आणि डबा सुरू केला. पडद्यावर यादी आली. यादीत दोन नावं होती. पहिलं, आलोच. दुसरं, आलोच.

त्याने एकच नक्कल काढली होती. दुसरी कुठून आली?

पहिलं की दुसरं? तो खाली वाकून विचार करू लागला. दुकानात मूळ कुठलं आणि नक्कल कुठली हे तो नुसत्या वासावरून सांगायचा. इथे वास नव्हता. पण धंद्याची अक्कल होती, आणि ती सांगत होती की मूळ आधी येतं आणि नक्कल मागाहून. म्हणून त्याने दुसऱ्या नावावर बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली: पुसणं चालू आहे. खोलीत शांतता राखा.

आणि मग, नेहमीप्रमाणे जरा उशिराच, त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ह्या घरात मागाहून येणारं माणूस आजवर कोण होतं?

बटण पुन्हा दाबावं तर ते दबेना. वायर ओढून काढावी, पण ‘हलवू नका’ हे आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेलं आता त्याच्याच अंगात भिनलं होतं. तो श्वास धरून उभा राहिला.

“अहो, चहा!” बायकोची पहिली हाक आली.

त्याच्या पाठीमागे, वेताच्या खुर्चीत, कुणीतरी घसा खाकरला.

“आलोच!”

खुर्ची कुरकुरली. चपला खोलीतून चालत गेल्या. चटप, चटप. तो वळला तेव्हा दार उघडं होतं आणि खुर्चीखालच्या त्याच्या चपला नव्हत्या.

“अगंबाई!” स्वयंपाकघरात बायको खळखळून हसली. “एका हाकेत? सूर्य पश्चिमेला उगवला की काय आज? थांबा, मी अजून ओतलाही नाही.”

मग कपात चहा ओतल्याचा आवाज, आणि खालच्या सुरात काहीतरी बोलणं. बायको पुन्हा हसली. त्याला धावत जायचं होतं. पाय उचलायला वेळ लागला, उंबरठ्यापर्यंत पोचायला वेळ लागला. बोळाच्या टोकाला स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. बायको पाठमोरी बसलेली दिसत होती. तिच्यासमोर कोण होतं ते दाराआड होतं. टेबलाखाली फक्त एक पाय दिसत होता, रबरी चपलेतला, डावा. तो ताल धरत होता.

त्याने जीव एकवटून हाक मारली. बराच वेळ आवाजच फुटला नाही. आणि फुटला तेव्हा, हाक येऊन गेली, चहा ओतून झाला, पहिला घोटही घेऊन झाला, त्याच्याही नंतर, बोळातून तो घोगरा आवाज गेला.

“आलोच.”

बायकोने मान वळवली नाही. समोरच्याच्या कपात साखर घालून ती चमचा फिरवत राहिली.

“आत तुमचा तो डबा चालू राहिला वाटतं,” ती म्हणाली. “काय बाई हुबेहूब आवाज काढतो. बंद करून या ना तेवढा.”

खुर्ची मागे सरकली. चपला बोळातून येऊ लागल्या, घाई नाही, उशीर नाही, अगदी बरोबर तालात. आणि दाराशी येऊन कुणीतरी, काम सुरू करण्याआधी, घसा खाकरला.